आठ हजार एमबफ कुठे गेले?

डीपीडीकेवर (नेटवर्क कार्डावरची पॅकेट कर्नलला वगळून थेट प्रोग्राममध्ये आणणारी लायब्ररी) नव्याने काम करणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: मेमपूलमध्ये, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या साठ्यात, एमबफ (पॅकेट ठेवायचे मेमरीचे तुकडे) किती ठेवायचे? पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत याच आकड्यावर माझे नऊ दिवस गेले. त्यातले आठ दिवस मी मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न करण्याची चूक) शोधत होते, आणि लीक नव्हतीच. तो आठवडा आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

प्रोग्राम साधा होता. १० गिगाबिटचे दोन पोर्ट, चार कोर, प्रत्येक पोर्टला दोन आरएक्स क्यू (आलेल्या पॅकेटांच्या रांगा), प्रत्येक क्यूला १०२४ डिस्क्रिप्टर, म्हणजे तितक्या पॅकेटांच्या जागा. म्हणजे आरएक्सला ४०९६ एमबफ लागणार. मी दुप्पट धरून ८१९१ लिहिले (दोनच्या घातापेक्षा एक कमी असा आकडा मेमपूलला सोयीचा पडतो) आणि निर्धास्त झाले. लॅबमध्ये दिवसभर सुरळीत चालले. मग हजारो वेगवेगळे फ्लो (एकाच जोडणीतल्या पॅकेटांचे प्रवाह) असलेला ट्रॅफिक सोडला आणि काही सेकंदांत सगळे थांबले. कोर शंभर टक्के, पॅकेट शून्य. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच.

आता नीट वाचा, कारण माझा पाय इथेच अडकला. टीएक्स बर्स्टने (पॅकेटांचा गठ्ठा पाठवायला देणारे फंक्शन) पॅकेट घेतले म्हणजे एमबफ मोकळा झाला, असे मी धरून चालले होते. तसे नसते. ते फंक्शन एमबफ फक्त टीएक्स रिंगमध्ये, म्हणजे पाठवायच्या क्यूच्या गोल रांगेत, लावते. कार्ड सवडीने तो वाचून पॅकेट तारेवर सोडते. पॅकेट निघून गेले तरी एमबफ रिंगमध्येच पडून राहतो, कारण दर पॅकेटमागे साफसफाई करणे महाग असते. बरेच ड्रायव्हर रिंगमधल्या मोकळ्या जागा ठरावीक मर्यादेखाली गेल्यावरच जुने एमबफ पूलला परत करतात, आणि तेही त्या क्यूवर पुढच्या वेळी टीएक्स बर्स्ट बोलावला तरच. म्हणजे १०२४ ची रिंग एकदा भरली की पाठवून झालेले हजारेक एमबफ तिच्यात बसूनच असतात. काम संपलेले, पण परत न आलेले.

माझ्याकडे अशा रिंगा किती होत्या? प्रत्येक कोर दोन्ही पोर्टवर पाठवू शकत होता, म्हणून प्रत्येक कोरला प्रत्येक पोर्टवर स्वतःचा टीएक्स क्यू. चार गुणिले दोन, आठ रिंगा, ८१९२ एमबफ. आख्ख्या पूलपेक्षा एक जास्त! लॅबमध्ये हे दिसले नाही, कारण आमचा ट्रॅफिक जनरेटर एकच फ्लो सोडत होता. आरएसएसने (फ्लोनुसार पॅकेट क्यूंमध्ये वाटणारी कार्डाची सोय) तो एकाच क्यूवर नेला, एकच कोर जागा झाला, एकच टीएक्स रिंग भरली. एकाच फ्लोवर केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. कितीही घाई असली तरी नाही.

पूल कोरडा पडल्यावर जे होते ते आणखी वाईट. आरएक्सला नवा एमबफ मिळत नाही म्हणून पॅकेट उचलले जात नाही. पॅकेट नाही म्हणून टीएक्स बर्स्ट बोलावला जात नाही. तो नाही म्हणून रिंग साफ होत नाही, आणि पूलमध्ये काहीच परत येत नाही. हे आपोआप सुटत नाही.

त्यात मोजणीही फसवते. मेमपूलचा उपलब्ध आकडा काढला तर तो शून्य नव्हता, शेकड्यांत होता. त्या आकड्यात प्रत्येक कोरच्या खाजगी कॅशमधले (हाताशी ठेवलेल्या छोट्या साठ्यातले) एमबफही धरलेले असतात, आणि एका कोरच्या कॅशमधले दुसऱ्याला मिळत नाहीत. २५६ ची कॅश दीडपट, म्हणजे ३८४ पर्यंत फुगू शकते. चार कोरचे १५३६. हातातल्या ३२ च्या बर्स्टचे आणखी १२८. आरएक्सचे ४०९६ आणि टीएक्सचे ८१९२ धरून बेरीज १३,९५२. म्हणून त्यापुढचा सोयीचा आकडा, १६,३८३, हवा होता.

पोर्टच्या आकडेवारीत आरएक्स-नो-एमबफ (एमबफ न मिळाल्याची मोजणी) वाढत असेल तर पूल अपुरा आहे. इमिस्ड (कार्डाने सोडून दिलेल्या पॅकेटांची मोजणी) एकटाच वाढत असेल तर बहुधा कोर वेळेवर पोहोचत नाही. ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरलेल्या १० गिगाबिटच्या तारेवर दर ६७.२ नॅनोसेकंदांना एक पॅकेट येते, म्हणजे सगळे एकाच क्यूवर आले तर १०२४ ची रिंग ६९ मायक्रोसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात कोर कन्सोलवर एक ओळ छापत बसला तरी पॅकेट गेले. तिथे पूल वाढवून काही होत नाही.

एका सीनियरने तेव्हा सांगितले होते, ‘६५,५३५ टाक, रॅम भरपूर आहे.’ हा सल्ला मला आजही पटत नाही. रॅमचा प्रश्नच नाही: एका एमबफला सगळे धरून २३६८ बाइट, म्हणजे १६,३८३ चे साधारण ३९ एमबी, दोन एमबीची १९ ह्यूजपेज (मेमरीची मोठी पाने). पण पूल अवाढव्य केला की खरी लीक असेल तर ती लपते आणि दोन तासांऐवजी दोन दिवसांनी उघडी पडते. शिवाय जितके जास्त एमबफ फिरत राहतात तितका एल-थ्री कॅशचा (प्रोसेसरमधली जलद मेमरी) उपयोग कमी. मला वाट दाखवली ती दुसऱ्याच एका सहकाऱ्याने. त्याने कोडकडे पाहिलेही नाही. कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘या क्षणी एमबफ कोणाकोणाकडे असू शकतो, त्या सगळ्या जागा काढ.’ वीस मिनिटांत टीएक्स रिंगा कागदावर आल्या आणि मला रडू फुटले.

तुमचे असे दिवस गेले असतील तर खचू नका. हे गणित शाळकरी बेरजेचे आहे, फक्त रकाने कोणी सांगत नाही. दोन सॉकेटचे, म्हणजे दोन प्रोसेसरचे, मशीन असेल तर पूल कार्ड ज्या सॉकेटला जोडलेले आहे त्याच्याच मेमरीत करा, एवढे मात्र विसरू नका.

ही बेरीज मी नंतर कोडमध्येच घातली. प्रोग्राम सुरू होताना पोर्ट, क्यू आणि कोर मोजतो आणि पूल कमी पडत असेल तर चालायला नकार देतो. गेल्या वर्षी टीममधल्या नव्या मुलीने तिसरा पोर्ट जोडला, तेव्हा तिला स्क्रीनवर दिसले: हवेत २०,०९६, आहेत १६,३८३. तिने ३२,७६७ लिहिले आणि पुढच्या कामाला लागली.