लाईट नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी ठेवताय? कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

मिरगाच्या आधी मोटारसायकल ताडपत्रीत घट्ट गुंडाळायची, दाराला कुलूप घालायचं आणि मुंबई गाठायची, ही कोकणातल्या कितीतरी घरांची रीत. गणपतीला दार उघडावं तर चेन तांबडी, रिमवर पुळ्या, सायलेन्सर पोखरलेला. छप्पर कुठेच गळलेलं नसतं, त्यामुळे गाडी गंजली कशी हेच कळत नाही.

कारण हवेत आहे. किनाऱ्यावर खारा वारा गाडीवर मिठाचा बारीक थर बसवतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणजे पावसाचा थेंब न लागताही लोखंड दिवसरात्र खाऱ्या पाण्यात राहतं.

न धुता ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीच्या मडगार्डखाली, स्पोकच्या मुळाशी आणि इंजिनाच्या फिन्समध्ये मीठ साचलेलं असतं. गाडी विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, मग आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे सांध्यांतलं पाणी उडून जाईल. हे काम मे महिन्यातच उरका. पहिली सर आल्यावर गाडी नीट सुकत नाही.

ताडपत्री गुंडाळणं

ताडपत्रीच्या आत कोंडलेली ओल बाहेर पडत नाही. कौलांतून ठिबकण्याची भीती असेल तर ताडपत्री गाडीच्या वर मांडवासारखी ताणून बांधा, गाडीला टेकू देऊ नका. धूळ आणि पाखरांची घाण यांच्यासाठी पातळ सुती चादर पुरे, तीही सैल. समुद्राकडची खिडकी बंद ठेवा. मागच्या भिंतीत एक झरोका खाली आणि एक वर, दोन्हींना जाळी, एवढी सोय केली तरी हवा खेळती राहते.

जमिनीकडे दुर्लक्ष

कोबा कोरडा दिसला तरी खालून ओल चढत असते, आणि गिलावा नसलेला जांभा पाणी शोषतो. तपासायला हातभर प्लॅस्टिक जमिनीवर पसरा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. खालच्या बाजूला दव असेल तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला असेल तर हवेतून. जमीन ओली असेल तर जाड प्लॅस्टिकवर फळ्या टाका, गाडी मेन स्टँडवर उभी करा आणि भिंतीपासून दूर ठेवा.

“आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेव रे”

शेजारच्या काकांना किंवा घरच्या पोराला चावी देताना हे सांगितलं जातं. हेतू चांगला, पण गाडीचं यात नुकसान होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच थांबतं आणि पत्रा आतून सडतो. थोडं पाणी इंजिन ऑइलमध्येही उतरतं. स्टार्टरने खाल्लेली बॅटरीही तेवढ्यात भरून येत नाही. त्यांना गाडी १०-१५ किलोमीटर फिरवायला सांगा, नाहीतर चालू न केलेलीच बरी. बंदच राहणार असेल तर सायलेन्सर गार झाल्यावर त्याचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा, म्हणजे कुंभारमाशी मातीचं घर बांधत नाही. बोळ्याची चिठ्ठी हँडलला बांधायला विसरू नका.

घरगुती उपायांचा अतिरेक

ओल शोषायला मिठाची वाटी ठेवतात. लोखंडाजवळ मीठ नकोच. शेगडी पेटवली तर जळण्यातून आणखी वाफ होते, शिवाय पेट्रोलजवळ आग. जळकं ऑइल फासू नका, त्यातली आम्लं धातू खातात आणि तेलाने रबर फुगतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला छान, पण त्याचा पातळ थर तीन महिने टिकत नाही. उघड्या नट-बोल्टांना आणि स्टँडच्या सांध्यांना ग्रीस, क्रोमला मेण किंवा व्हॅसलीन, साफ केलेल्या चेनला चेन ल्यूब. ब्रेक डिस्क, पॅड आणि टायर यांना मात्र तेलाचा हातही लावू नका.

टाकी आणि बॅटरी

अर्ध्या टाकीतल्या मोकळ्या जागेत दमट हवा शिरते. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं. म्हणून टाकी भरून ठेवा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका. चार्जर लावायला गॅरेजमध्ये लाईट नाही, तेव्हा बॅटरी काढून घरात न्या. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, बसवताना ती शेवटी लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा.

परत आल्यावर

लगेच सेल मारू नका. आधी बोळा काढा, टाकीत टॉर्चने पाहा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते तपासा. चाक जाम असेल तर गिअर न्यूट्रल करून गाडी पुढेमागे हलवा, ब्रेक शू बहुधा सुटतात. क्लच चिकटला असेल तर इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, क्लच दाबून गाडी ढकला. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासला की निघतो. पुढच्या शॉकच्या दांडीवर खड्डे पडले असतील तर ती आधी मेकॅनिकला दाखवा, कारण त्या खड्ड्यांनी ऑइल सील फाटते आणि गळालेलं तेल ब्रेकवर जाऊ शकतं.