वाचून झाले, पण समजले का? आकलनाच्या सरावात या चुका टाळा

आधी हा उतारा वाचा.

‘काल सकाळी एक झिंबू खरडाळीवर टुमकत होता. तेवढ्यात मोठी फुदळी आली आणि झिंबूची लोमटी गदारली.’

आता प्रश्न. झिंबू कुठे टुमकत होता? खरडाळीवर. कोणाची लोमटी गदारली? झिंबूची. मोठी काय आली? फुदळी. तुम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि झिंबू हा प्राणी की माणूस हेही तुम्हाला सांगता येणार नाही, कारण तो मी मनाने रचला आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षक आकलनाच्या सरावाबद्दल विचारायला येतात तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हाच उतारा देते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत माझी बरीच वर्षे गेली. त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या की आता लिहून टाकते.

पहिली चूक झिंबूचीच. ‘कुठे’ विचारले की ‘वर’ किंवा ‘त’ लागलेला शब्द उचलायचा, ‘कोणाची’ विचारले की ‘ची’ लागलेला, ही युक्ती मुले तिसरीत पोचेपर्यंत आपसूक शिकतात. त्यांनी लबाडी केलेली नसते. आपण वर्षभर तसेच प्रश्न घालतो, म्हणून तीच सवय पक्की होते. बाजारातल्या सराव-पुस्तिका या बाबतीत फार नुकसान करतात: एक उतारा, खाली पाच प्रश्न, आणि पाचही प्रश्नांची उत्तरे ओळ उचलून लिहिता येणारी. वही तपासायला सोपी जाते, पालक खूश होतात, आणि मूल पाचवीत जाऊन परिसर अभ्यासाच्या पहिल्याच पाठाला अडते.

माझी सवय अशी, की उतारा तीन ओळींचा असला तरी एक प्रश्न असा विचारायचा ज्याचे उत्तर छापलेले नाही. उदाहरणार्थ: ‘अंगणात गुडघाभर पाणी साचले होते. रघूने दाराशी उभे राहून रस्त्याकडे पाहिले. मग त्याने दप्तर पुन्हा खुंटीला अडकवले.’ रघू शाळेत गेला का? कशावरून? पहिल्या दिवशी सगळा वर्ग सांगतो, “बाई, हातूंत ना.” म्हणजे यात ते लिहिलेलेच नाही. त्यांचे खरेच आहे. अशा वेळी उत्तर सांगून मोकळे होण्याचा मोह आवरा. ‘कशावरून?’ एवढाच प्रश्न परत विचारा आणि त्या ओळीवर बोट ठेवायला सांगा. आठवडाभर वर्ग गप्प बसेल. तो बसू द्या. मग एक दिवस कोणीतरी दप्तराच्या ओळीवर बोट ठेवते, आणि तिथून पुढे बाकीच्यांनाही कळते की दोन ओळींच्या मध्येही वाचायचे असते. नवीन शिक्षकांचा धीर नेमका याच आठवड्यात सुटतो. तिसऱ्या दिवशी ते फळ्यावर उत्तर लिहून देतात, मुले ते सुरेख अक्षरात उतरवून घेतात, आणि आठवडा फुकट जातो.

खडखडीत वाचणारे मूल म्हणजे समजलेले मूल

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची खंत अजून जात नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात चौथीची एक मुलगी होती. आवाज खणखणीत, विरामचिन्हे जागच्या जागी, एकही जोडाक्षर चुकायचे नाही. पालक सभा असो, सरस्वती पूजन असो, वाचायला तीच उभी. एकदा पाठ वाचून झाल्यावर मी सहज म्हटले, “आता पुस्तक मिट आणि काय वाचलंस ते सांग.” तिने पुस्तक मिटले आणि पाठाचे पहिले वाक्य जसेच्या तसे म्हणू लागली. मी म्हटले, “तसं नको, तुझ्या शब्दांत.” ती पुन्हा पहिल्या वाक्यावर आली. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिचे डोळे भरून आले. तिसरी आणि चौथी अशी दोन वर्षे ती माझ्यापुढे रोज वाचत होती, आणि मी तिला हे एकदाही विचारले नव्हते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट साध्या गणितात मांडली: अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे म्हणजे वाचनाचे आकलन. त्यांनी बेरीज न धरता गुणाकार धरला. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. त्या मुलीची एक बाजू भक्कम होती आणि तिच्याच जोरावर मी दुसरी बाजू गृहीत धरली होती.

आज हीच चूक घड्याळ लावून होते. केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे उद्दिष्ट आहे, पण ते अर्थ समजून वाचावेत असेही त्यातच म्हटले आहे. हा दुसरा भाग मोबाइलवरच्या घड्याळात मोजता येत नाही, म्हणून तो गळतो. आईबाबा घरी वेळ लावून वाचून घेतात, मूल धापा टाकत ६० चा आकडा गाठते. माझे सांगणे एवढेच, की वेळ मोजायची तर मोजा, पण मिनिट संपल्यावर पुस्तक मिटून दोन वाक्ये मुलाच्या तोंडून ऐका. ती येत नसतील तर त्या दिवशी तो आकडा वहीत लिहू नका.

कोकणी दाराबाहेर ठेवणे

आपल्याकडची सर्वांत मोठी चूक मला ही वाटते. दुसरीच्या वर्गात गोष्ट वाचली: कुत्रे भुंकू लागले आणि हरीण नदीकडे पळाले. मी चित्र काढायला सांगितले. एका मुलाने काठावर शांत उभे असलेले, मान वळवून पाण्याकडे बघणारे हरीण काढले. हरीण काय करते आहे असे विचारल्यावर म्हणाला, “पळयता.” घरी त्याची आई दिवसातून शंभरदा ‘पळय’ म्हणते, म्हणजे बघ. त्याच्या कानाला ‘नदीकडे पळाले’ म्हणजे नदीकडे पाहिले. त्याने प्रत्येक अक्षर बरोबर वाचले होते. लेखी प्रश्न घातला असता, हरीण कुठे पळाले, तर ‘हरीण नदीकडे पळाले’ असे लिहून त्याने पूर्ण गुण घेतले असते आणि मला आयुष्यात कळले नसते. मी विचारले, “हरण न्हंयेकडेन कित्याक धांवलें?” म्हणजे हरीण नदीकडे कशाला धावले? क्षणभर तो चित्राकडे बघत राहिला, मग त्याने रबर मागितला.

प्रश्नातच मूल अडकण्याचे प्रसंग तर रोजचे. घरी ‘खंय’, ‘केन्ना’, ‘कित्याक’ ऐकणाऱ्या मुलाला ‘कुठे’, ‘केव्हा’, ‘कशाला’ यांत सुरुवातीला घोळ होतो. उत्तर माहीत असते, प्रश्न कळलेला नसतो. म्हणून माझ्या वर्गात पहिली-दुसरीत उत्तर कोकणीत चालते. समजले की नाही हे आधी पाहायचे, मराठी वाक्य त्यानंतर सगळ्यांनी मिळून फळ्यावर घडवायचे. ‘मराठी शाळेत मराठीच’ असा दंडक घालणारे सहकारी मला म्हणतात, आम्ही नाही का शिकलो? शिकलो खरे. पण तेव्हा घरात आरत्या, देवळात कीर्तन, जत्रेला रात्रभर मराठी नाटक असे. शाळेत येण्याआधीच पुस्तकी मराठी कानात पडलेली असायची. आजच्या मुलाच्या कानात हिंदी कार्टून आहे, आणि वर्गात कर्नाटकातून कामाला आलेल्या घरांतली मुले आहेत, त्यांची तर घरची भाषाच वेगळी. त्यांना चित्र काढून, करून दाखवून उत्तर देऊ द्या.

उतारा निवडताना मुलाला त्यातले काय ठाऊक आहे हेही पाहा. बर्फाच्या उताऱ्यावर मख्ख बसणारी मुले सुपारी पाडण्याच्या उताऱ्यावर मलाच शिकवतात. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या बेसबॉलवरच्या प्रयोगात हेच दिसले होते: वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर चांगला समजली. म्हणून बर्फ टाळू नका, पण वाचण्याआधी पाच मिनिटे बर्फावर बोला.

आता बाकीच्या चुका, थोडक्यात.

वाचण्याआधीच सगळ्या कठीण शब्दांचे अर्थ देऊ नका. दोन-तीन द्या, बाकीचे संदर्भावरून काढू द्या.

वाक्याच्या मधे अडवून उच्चार सुधारू नका. वाक्य संपेपर्यंत थांबा. ‘च’ आणि ‘ज’ नंतरही सुधारतात, तुटलेला अर्थ लगेच जुळत नाही.

एका बैठकीत तीन उतारे उरकू नका. एकच उतारा तीन दिवस घ्या.

‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळी मुले ‘हो’ म्हणतात.

या शेवटच्या चुकीवर माझा एक उपाय आहे. एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मुलांना उघड विसंगती असलेले उतारे दिले होते, आणि पुष्कळ मुलांना त्यात काही खटकलेच नाही. मीही महिन्यातून एकदा उताऱ्यात एक चुकीचे वाक्य घुसडते. ‘जुलै महिना होता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आजीने अंगणात सोलां सुकत घातली.’ सोलां म्हणजे आमसुले. पहिल्यांदा कोणी काही बोलत नाही. ‘यात एक गोष्ट बरोबर नाही’ असे सांगितले की मुले मागे जाऊन वाचू लागतात, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप असतो. गेल्या वर्षी तिसरीतली एक एरवी न बोलणारी मुलगी जागेवरूनच ओरडली, “बाई, पावसांत सोलां कशीं सुकतलीं?” त्या दिवसापासून ती प्रत्येक उताऱ्यात चूक शोधते, नसली तरी.

पालकांसाठी एकच. मुलाला स्वतः वाचता येऊ लागले म्हणून त्याला वाचून दाखवणे थांबवू नका. मी चौथीच्या वर्गालाही रोज दहा मिनिटे वाचून दाखवते. मधेच थांबून पुढे काय होईल ते विचारते, तीन-चार अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि ते पुसू देत नाही. दुसऱ्या दिवशी पुढचे पान वाचले की मुलेच फळ्याकडे जाऊन कोणाचा अंदाज जुळला ते पाहतात, आणि ज्याचा चुकला त्याला मी विचारते, तुला तसे कशावरून वाटले होते?