कुलगुरूंच्या दौऱ्यांच्या स्लाइड्स: माळ्यावरच्या सूटकेसपासून संग्रहापर्यंत

निवृत्त कुलगुरूंच्या घरी साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या परदेश दौऱ्यांचे फोटो बऱ्याचदा स्लाइडच्या, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या चौकटीतल्या पारदर्शक फिल्मच्या रूपात सापडतात. ठाण्यात नौपाड्यातल्या नाहीतर नवी मुंबईत वाशीतल्या फ्लॅटच्या माळ्यावर एखादी सूटकेस, तिच्यात पिवळ्या डब्या, प्रोजेक्टरची मॅगझिन्स (स्लाइड्स ओळीने लावायचे ट्रे), दोन-चार अल्बम. घरची मंडळी म्हणतात, एकदाचं सगळं स्कॅन करून टाका. स्कॅनिंग फार पुढची पायरी आहे. आधी क्रम वाचवायचा.

सूटकेस उघडल्यावर काहीही बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: प्रत्येक डबी, झाकणावरचं अक्षर, आत खोचलेली चिठ्ठी. मग डब्या आणि मॅगझिन्स यांना वेगवेगळे क्रमांक द्या, कारण दोन्हींतला क्रम सारखा नसतो. डबीत साधारणपणे एका रोलच्या स्लाइड्स असतात. मॅगझिनमध्ये मात्र दौऱ्याहून आल्यावर लोकांना जो स्लाइड-शो दाखवला, त्याचा क्रम असतो. पाहुण्या विद्यापीठाच्या ग्रंथालयानंतर लगेच एखाद्या कारखान्याचं फाटक का येतं, हे तिथेच कळतं. तो कुलगुरूंचा स्वतःचा युक्तिवाद आहे. रोलचा क्रम बहुतेक वेळा पुन्हा जुळवता येतो, कारण कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या माउंटवर, म्हणजे स्लाइडच्या चौकटीवर, अनेकदा फ्रेमचा आकडा आणि फिल्म धुतल्याचा महिना-वर्ष उमटवलेलं असतं. मॅगझिन एकदा उपडं झालं की स्लाइड-शोचा क्रम कायमचा गेला.

माउंटवरचा महिना ही फोटोची तारीख समजू नका. रोल कॅमेऱ्यात कितीतरी महिने पडून राहू शकतो. जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के, विद्यापीठाला सादर केलेला दौऱ्याचा अहवाल आणि घरी पाठवलेली पत्रं यांच्याशी ताडून पाहा. म्हणून पासपोर्ट आणि पत्रंही संग्रहासोबतच मागून घ्या. ती रद्दीत गेली की अर्ध्या स्लाइड्स मुक्या होतात.

आता हवा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठची. सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की फिल्मवरच्या जिलेटिनला (ज्यात चित्र असतं त्या थराला) बुरशी धरते, आणि पावसाळ्यात इथे ती त्याहून बरीच वर असते. उघडण्याचं, तपासण्याचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावं. एसी खोलीवर विसंबू नका: ऑफिस बंद झालं की एसी बंद, रात्रभर दमटपणा वर, सकाळी पुन्हा खाली. हे चढउतार सततच्या दमटपणाइतकेच वाईट. त्यापेक्षा रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, २० लिटरच्या डब्यात २५० ते ३०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ३० ते ५० टक्क्यांच्या मधे हवा. जेलचा रंग बदलला की स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. डांबरगोळ्या मात्र जवळपासही नकोत. गार खोलीतून आणलेला डबा लगेच उघडायचा नाही, आत दव धरतं.

बुरशी दिसलीच तर ती स्लाइड झिप पिशवीत वेगळी काढा, कोरडी होऊ द्या, मग मास्क लावून उघड्या हवेत मऊ ब्रशने झटका. पाणी लावू नका: बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच पुसलं जातं. काचेच्या माउंटमध्ये दमटपणा अडकून राहतो, अशा स्लाइड्स साध्या माउंटमध्ये हलवा. जुन्या माउंटवरचा मजकूर आधी उतरवून घ्या. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्मचा पाया सडतोय. तो रोल वेगळा ठेवा आणि स्कॅनिंगला पहिला घ्या.

क्रमांक पुठ्ठ्याच्या माउंटवर फक्त मऊ पेन्सिलीने घाला. चिकटपट्टी किंवा स्टिकर नको. अल्बममधले फोटो चिकट पानांवर असतील तर ओढू नका. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोमागून हळूहळू सरकवा. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅनिंगआधी दिशा ठरवा. चकाकती बाजू आपल्याकडे धरली की चित्र सुलट दिसतं. माउंटच्या कोपऱ्यात ठिपका असेल तर सरळ पाहताना तो डावीकडे खाली येतो. स्लाइड ४००० पीपीआयवर (दर इंचाला ४००० ठिपके), १६ बिट टिफ या फाइल-प्रकारात घ्या. एक फाइल साधारण १२८ एमबी, म्हणजे २००० स्लाइड्सना सुमारे २५६ जीबी. अल्बममधल्या छापील फोटोंना ६०० पीपीआय पुरे. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही आणि कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड-फिल्मवर तपशील खाते. तिथे ती बंद ठेवून हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने धूळ उडवा. गुलाबी पडलेले रंग मूळ फाइलमध्ये सुधारू नका, सुधारणा वेगळ्या प्रतीत करा.

फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा: संग्रहाचं लघुरूप, डबीचा दोन आकडी आणि स्लाइडचा तीन आकडी क्रमांक. वर्णन मराठीत, दोन ओळींत: वर कुलगुरूंनी लिहिलेलं जसंच्या तसं, खाली तुमचा अंदाज चौकटी कंसात. त्यांनी 'लेनिनग्राड' लिहिलं असेल तर तेच ठेवा, सेंट पीटर्सबर्ग कंसात. माणसं ओळखायला जुन्या सहकाऱ्यांना बोलवा, एका बैठकीला पंधराच फोटो दाखवा आणि बोलणं रेकॉर्ड करा. त्याहून जास्त दाखवले की माणूस थकतो आणि नावं एकमेकांत मिसळतात.

सगळेच फोटो त्यांनी काढलेले नसतात. ज्यात ते स्वतः दिसतात ते दुसऱ्याने काढलेत, आणि स्मारकांच्या दारात तयार स्लाइड्सचे संच विकत मिळत. त्यांना वेगळी खूण करा, पण फेकू नका: कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी जमवलेली वास्तूंची छायाचित्रं आजही स्वतंत्र संग्रह म्हणून जपली आहेत. प्रसिद्ध करताना मात्र हक्क (कॉपीराइट) पाहावा लागतो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वारसांकडून हक्क लेखी घ्या आणि मुदत, प्रदेश स्पष्ट लिहा. १९५७ च्या याच कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या.

तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात. मूळ स्लाइड्स तळमजल्यावर नकोत, २६ जुलै २००५ ला इथे पाणी कुठवर आलं होतं ते विचारून पाहा. प्रत्येक फाइलच्या चेकसमची (फाइलमधून काढलेला आकडा, फाइल बिघडली की तो बदलतो) यादी बनवा आणि दरवर्षी हार्ड डिस्क जोडून ती जुळवा. एकही फाइल जुळली नाही तर त्या आठवड्यातच नवी डिस्क घेऊन चांगल्या प्रतीवरून उतरवा.