सीझनच्या आधी हॉटेल स्टाफची कुरकुर कशी कमी करायची

पाऊस ओसरायला लागला की ओळखीच्या हॉटेलवाल्यांचे मेसेज सुरू होतात, स्टाफ निगेटिव्ह झालाय, सगळे कुरकुरतात, एखादं टीम बिल्डिंग ठेवूया का. नका ठेवू. ज्या मुलाला महिनाभर धड ऑफ मिळालेला नाही त्याला एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी बोलावून दोरीखेच खेळायला लावलीत तर तो फोटोपुरता हसेल आणि रात्री घरी जाऊन दुसरीकडे बायोडेटा पाठवेल. मी उत्तर गोव्यातल्या हॉटेलांत ऑपरेशन्स बघते म्हणून उदाहरणं तिथलीच देतेय, पण वेर्ण्याच्या फॅक्टरीत काय किंवा पणजीच्या ऑफिसात काय, क्रम हाच.

आधी पैसे. पगार ७ तारखेच्या आत, ओव्हरटाईम दुप्पट दराने, टिपचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा. हे होत नसेल तर बाकीचं काही करू नका, उपयोग नाही.

मग रात्रीची गाडी आणि मेस. कळंगुटला रात्री शिफ्ट संपल्यावर डिचोली-पेडण्याची मुलगी घरी कशी जाणार हा तुमचा प्रश्न आहे, तिचा नाही. मेसमध्ये उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, म्हणजे माशांची आमटी, हवं, सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांसाठी शाकाहारी हवं, आणि झारखंड-ओडिशाहून आलेल्या मुलांना रोज हुमण नको असतं तर त्यांनाही विचारा. आणि महिन्यातून चार वेळा तरी जीएमने (जनरल मॅनेजरने) तिथेच जेवावं, मेसचं जेवण आपोआप सुधारतं.

नंतर रजा. हा विषय जूनमध्ये काढायचा, ऑगस्टमध्ये नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातला हिंदू माणूस मूळ घरी जाणारच, तुम्ही रजा द्या नाहीतर नको द्या, नाही दिलीत तर तो आजारी पडेल आणि तुम्हाला ऐनवेळी कळेल. तसंच दिवाळीच्या आदल्या रात्री अर्धा स्टाफ वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याबरोबर जागा असतो, त्या सकाळच्या शिफ्टला त्यांची नावं टाकणारा मॅनेजर एकतर नवीन असतो किंवा त्याला पर्वा नसते. शिरगावच्या जत्रेचे धोंड (व्रत पाळणारे भक्त), नाताळ, गावच्या चर्चचं फेस्त, बिहारच्या मुलांची छठ, सगळं एका कागदावर लिहा. चवथीला ख्रिश्चन सहकारी सांभाळतात, नाताळात हिंदू सांभाळतात, ही देवघेव बऱ्याच ठिकाणी चालते आणि छान चालते, फक्त ती विचारून ठरवा, गृहीत धरू नका. यादी भिंतीवर लावायची आणि एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) रजाही तिच्यातच लिहायच्या, कारण खरा राग रजा न मिळाल्याचा कमी असतो, कुणाला तरी गुपचूप मिळाली याचा जास्त असतो.

आता अवघड भाग. एवढं सगळं करूनसुद्धा प्रत्येक हॉटेलात एक माणूस असतो ज्याच्याभोवती कुरकुर जमते. रेस्टॉरंटचा जुना कॅप्टन, हाऊसकीपिंगची सुपरवायझर, किचनमधला सर्वात जुना हात. ब्रेकमध्ये नवीन मुलं बाईक स्टँडवर त्याच्याच बाजूला उभी असतात. या माणसाचं काय करायचं हा टप्पा मलाही फार जड गेला, कारण मिळणारा सल्ला सगळा टोकाचा: काढून टाका, नाहीतर दुर्लक्ष करा, नाहीतर प्रमोशन देऊन गप्प करा. तिन्ही चूक. काढलात तर मुलं घाबरतील आणि आणखी हळू आवाजात बोलतील, एवढंच. दुर्लक्ष केलंत तर तो जे बोलतो ते खरंच आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरं असतंही. आणि गप्प करायला दिलेलं प्रमोशन सगळ्यांना दिसतं.

त्याच्या कडवटपणाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक ठराविक जुनी गोष्ट असते. कोणीतरी शब्द दिला होता तो पाळला नाही, किंवा त्याने वर्षानुवर्षं सांभाळलेल्या जागेवर मुंबई-दिल्लीहून माणूस आणून बसवला. ती गोष्ट तुम्हाला काढायची आहे, आणि ती केबिनमध्ये निघत नाही. एचआरला बाजूला बसवून तर मुळीच नाही. ब्रेक शिफ्टच्या (सकाळ-संध्याकाळ अशी तुटक ड्युटी) मधल्या वेळात दुपारी, त्याचा वेळ विचारून, बाहेर कुठेतरी चहाला बसा. तो वयाने मोठा असेल तर नावापुढे बाब लावूनच बोला, तुमचं पद काहीही असो. त्याची भाषा कोंकणी असेल तर कोंकणीत बोला, मोडकी असली तरी चालेल, कारण माणूस ज्या भाषेत घरी चिडतो त्याच भाषेत खरं सांगतो. 'तुझा प्रॉब्लेम काय आहे' असं कधीही विचारू नका. 'गेल्या सीझनाक कितें जालें तें सांगात मात्शें' (गेल्या सीझनला काय झालं ते जरा सांगा) असं विचारा आणि मग गप्प बसा. पहिला अर्धा तास मॅनेजमेंटची एकही बाजू मांडायची नाही, अगदी तो चुकीचं सांगत असला तरी. त्याच्यासमोर कागदावर लिहून घ्या, लिहिलेलं त्याला वाचून दाखवा.

तिथल्या तिथे काहीही कबूल करू नका ही माझी सर्वात कडक सूचना. घरी जाऊन तीन भाग करा: मी स्वतः करू शकते ते, मालकाला विचारावं लागेल ते, आणि होणारच नाही ते. आठ दिवसांच्या आत तिन्हींची उत्तरं घेऊन परत त्याच्याकडे जा, पहिल्या भागातलं एक काम तोवर झालेलं असलं पाहिजे. तिसऱ्या भागातलं 'नाही' स्पष्ट सांगा आणि कारण सांगा. बघूया म्हणून लोंबकळत ठेवलेली गोष्ट नकारापेक्षा जास्त नासते.

आणखी दोन गोष्टी. त्याला इतरांच्या बातम्या विचारू नका. आणि 'मुलांना जरा समजाव' असंही सांगू नका, त्या दिवशी तो तुमचा माणूस ठरतो आणि मुलं बाईक स्टँडवर दुसऱ्या कुणाच्या बाजूला जाऊन उभी राहतात. त्यापेक्षा त्याला खरा अधिकार द्या, नवीन ट्रेनी फ्लोअरवर उभा करायचा की नाही हे तो ठरवेल, आणि त्याने नाही म्हटलं तर ते मोडू नका.

एक मात्र वेगळं ठेवा. कोणी अपमान करतो, शिवीगाळ करतो, मुलींना त्रास देतो, तर तो मूडचा प्रश्नच नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. एखाद्या मुलीची तक्रार निगेटिव्हिटी म्हणून बाजूला सारणाऱ्या मॅनेजरला त्या खुर्चीवर बसायचा हक्क नाही असं माझं ठाम मत आहे.

बाकी रोजचं म्हणाल तर शिफ्टआधीचं ब्रीफिंग दहा मिनिटांचं, गेस्टची तक्रार आली असेल तर ज्याची त्याला एकट्याला सांगा, कौतुक सगळ्यांसमोर करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री ओरडायचं बंद.

फरक पडतोय का हे सर्व्हे फॉर्मवरून कळत नाही, तिथे सगळे चांगलंच लिहितात. अचानक येणारे सिक कॉल कमी होतात का ते बघा. मुलं आपसात शिफ्ट बदलून तुम्हाला नुसतं कळवायला येतात का ते बघा. आणि सोडून जहाजावर नोकरीला गेलेला एखादा मुलगा कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आल्यावर जागा आहे का म्हणून फोन करतो का. केला तर घ्या त्याला, पण जुन्या पगारावर नाही.