जुना प्रोसेसर आणि अर्धीच रॅम

परभणीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून इंटेलचा जुना आय७-४७९०के प्रोसेसर घेतला. २०१४ चा आहे, पण नावातला 'के' महत्त्वाचा: त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला, म्हणजे बदलता येणारा असतो. माझा मदरबोर्ड झेड९७ चिपसेटचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायला) जोडी बरोबर जमते.

बसवला, तर १६ पैकी ८ जीबीच रॅम दिसली. पट्ट्या अदलून-बदलून पाहिल्या, दोन्ही चांगल्या. आधीच्या प्रोसेसरवर तेच स्लॉट नीट चालायचे. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणून संशय तिकडे गेला. काढून उलटा धरला, तर खालच्या सोनेरी ठिपक्यांवर वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेण्यासाठी प्रोसेसरच्या वरच्या बाजूला लावतात ती)! आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलक्या हातानं पुसलं आणि पूर्ण सुकू दिलं. सॉकेटच्या पिनांना मात्र बोटही लावलं नाही. त्या फार नाजूक. पुन्हा बसवल्यावर १६ जीबी पूर्ण दिसली. खूप हायसं वाटलं. (घेतानाच दुकानात सगळी रॅम दिसते का, ते बघून घ्या.)

मग आधी मूळ वेगावर तासभर ताण देऊन पाहिला, नंतर वेग ४.६ गिगाहर्ट्झवर नेला. एप्रिलच्या दुपारी तापमान ९० अंशांवर गेलं. ४.५ वर आणून व्होल्टेज थोडं उतरवलं. आता भर उन्हातही ८० च्या आत राहतं.