शून्य ते तीन वयोगटासोबत काम शिकताय? आधी नोंदवहीकडे बघा

बालसंगोपनाच्या कोर्सला नव्याने आलेल्या मुली मला सारखे प्रश्न विचारतात. ॲक्टिव्हिटी कोणत्या घेऊ, खेळणी कोणती मांडू, बाळ रडायचं थांबलंच नाही तर काय करू. नोंदवहीबद्दल, म्हणजे बाळाचं निरीक्षण लिहायच्या वहीबद्दल, मात्र कुणी विचारत नाही, म्हणून आज मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिते. मी स्वतः बराच काळ तिथेच अडकले होते. आमच्या बॅचमधून ज्या अर्ध्यावर सोडून गेल्या, त्यांना बाळांचा कंटाळा आला नव्हता, लाल रेघा मारून परत येणाऱ्या वह्यांनी त्यांचा धीर खचला होता.

विकासाचे टप्पे, अटॅचमेंट (बाळाचं जवळच्या माणसाशी जुळणारं नातं), आहार, स्वच्छता, प्रथमोपचार हे सगळं पुस्तक उघडून बसलं की येतं. त्याची भीती बाळगू नका. निरीक्षण तसं येत नाही.

होतं असं. एका बाळाकडे दहा मिनिटं बघा आणि लिहा, असं सांगतात. आपण लिहितो: "बाळ आज चिडचिडं होतं. खायची इच्छा नव्हती. चमच्याने भरवलं तर नकार देत होतं." वाचायला ठीक वाटतं. पण चिडचिड, इच्छा, नकार यातलं काहीच डोळ्यांना दिसलेलं नसतं. दिसलं होतं दुसरंच काहीतरी, आणि त्यावर मनातल्या मनात निकाल देऊन आपण फक्त निकाल वहीत उतरवला.

त्याच दहा मिनिटांची ही दुसरी नोंद बघा. "वय दहा महिने. उंच खुर्चीत बसलेली. चमचा ओठांजवळ आला की मान डावीकडे वळवते, ओठ घट्ट मिटते. चमचा खाली ठेवला की मान पुन्हा समोर. उजवा हात वाटीकडे. वाटी जवळ सरकवली. चार बोटं वाटीत, मग बोटं तोंडात. पुन्हा वाटीत. चमचा परत पुढे केला, तिने चमच्याचा दांडा पकडला, सोडला नाही."

पहिली नोंद वाचून पाळणाघरातली दुपारच्या शिफ्टची ताई समजेल की बाळाला भूक नाही, आणि वाटी उचलून ठेवेल. दुसरी वाचून तिला कळेल की बाळाला खायचंय, फक्त स्वतःच्या हाताने. ती एक चमचा बाळाच्या हातात देईल आणि दुसऱ्याने भरवेल. बाळ तेच, वेळ तीच, पण एका नोंदीमुळे ते उपाशी राहिलं असतं आणि दुसरीमुळे हाताने खायला शिकलं.

हे मी मुद्दाम ताणून सांगतेय, कारण "मला समजलं" असं म्हणणारी प्रत्येक जण पुढच्या पानावर पुन्हा "हट्ट करत होता" लिहिते. निकाल देणं सोपं असतं, पटकन होतं, आणि दिवसभर थकल्यावर हाताला तेच सुचतं. त्यात सेंटरचे, म्हणजे पाळणाघराचे, छापील फॉर्मही तसलेच असतात: "मूड", "वागणूक", "सहकार्य", पुढे दोन बोटं जागा. एवढ्या जागेत निकालच मावतो. फॉर्म भरा, भरावाच लागतो, पण स्वतःची वेगळी वही ठेवा आणि खरी नोंद तिच्यात करा.

निकाल बाळाला चिकटतो. दीड वर्षाच्या एका मुलाच्या फाइलमध्ये "आक्रमक, चावतो" असं लिहून ठेवलेलं मी पाहिलंय. नंतर एका ताईने प्रत्येक वेळची जागा, वेळ आणि आधी काय झालं एवढंच लिहायला सुरुवात केली, तेव्हा दिसलं की चावणं दरवेळी एकाच ठिकाणी होत होतं. बाहेर खेळायला निघताना दाराशी सगळी मुलं दाटीवाटीने उभी केली की तिथे. तोंडात शब्द नाहीत, मागून धक्का बसतोय, हलायला जागा नाही. मुलांना दोन-दोन करून बाहेर न्यायला लागल्यावर चावणं जवळपास थांबलं. तो मुलगा बदलला नव्हता, दाराशी उभं करायची पद्धत बदलली होती. "आक्रमक" हा शब्द मात्र फाइलमध्ये तसाच राहिला आणि पुढच्या खोलीतल्या ताईने तो आधी वाचला.

लिहायची माझी पद्धत सांगते. वर्तमानकाळात लिहायचं. हात, पाय, मान, डोळे, आवाज यांच्याबद्दल लिहायचं. आधी काय झालं आणि लगेच नंतर काय झालं, हे दोन्ही हवंच. अंदाज सुचला तर तो वगळू नका, पण पानाच्या उजव्या कडेला वेगळ्या शाईने, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहा. आणि हे सगळं तिथल्या तिथे, खिशातल्या चिटोऱ्यावर तुटक शब्दांत का होईना. घरी जाऊन आठवून लिहिलेली नोंद ही नोंदच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवणीत फक्त निकाल उरलेला असतो.

टप्प्यांच्या तक्त्याचंही असंच होतं. तक्ता हातात आला की आपण खुणा करत सुटतो: रांगतं, रांगत नाही, मागे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ मध्ये त्यांचे पल्ले, म्हणजे कोणती हालचाल कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत येते, ते प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. दोन चालणाऱ्या निरोगी मुलांत नऊ महिन्यांचा फरक असू शकतो! आणि ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी ती चालली. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पालक घाबरून विचारतात तेव्हा उपयोगी पडतात, आणि आपण घाबरतो तेव्हाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, जन्मतारखेपासून नाही, हे विसरू नका.

पण एवढ्या रुंद पल्ल्यांमुळे "होईल हो हळूहळू" असं म्हणून गप्प बसायची मुभा मिळत नाही. आलेलं कौशल्य गेलं, म्हणजे बाळ बडबडत होतं आणि थांबलं, नजर देत होतं आणि देईनासं झालं, तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, कुठल्याही वयात. तसंच शरीराची एकच बाजू सतत कमी वापरली जात असेल तेव्हाही. अशा वेळी डॉक्टरांना तुमचं मत नको असतं. "गेले दहा दिवस वस्तू फक्त उजव्या हाताने उचलते, डावी मूठ मिटलेली असते" अशी एक ओळ त्यांना पानभर काळजीपेक्षा जास्त उपयोगाची असते. निदान करणं आपलं काम नाही. जे दिसलं ते नेमकं सांगणं आपलं काम आहे, आणि त्यात हयगय चालत नाही.

आता ॲक्टिव्हिटीबद्दल. ॲक्टिव्हिटींच्या तयार फाइली विकत घेऊ नका. तान्ह्या बाळांना फ्लॅशकार्ड दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की एक वर्षाखाली स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको. जी बाळं अजून सरकत नाहीत त्यांना जागं असताना दिवसभरात थोडंथोडं करून किमान अर्धा तास पालथं ठेवावं, हेही त्यातच आहे. म्हणजे हवं काय, तर जमिनीवर स्वच्छ जागा आणि शेजारी बसलेलं माणूस.

खरं शिकवणं डायपर बदलताना होतं. नव्या मुली ते काम पटकन उरकून "खऱ्या" ॲक्टिव्हिटीकडे धावतात, आणि मला फार वाईट वाटतं. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये अनाथ आणि आईबापांपासून दुरावलेल्या बाळांसाठी निवास सुरू केला. अंघोळ, कपडे, भरवणं ही कामं तिथे घाई न करता, प्रत्येक बाळाशी बोलत केली जात, कारण त्या बाळांना एका माणसाचं पूर्ण लक्ष मिळायची वेळ तीच होती. आपल्या बाळांना घर आहे, पण दिवसभर सेंटरमध्ये त्यांचीही गत फार वेगळी नसते.

करून बघा. हात धुवा, एकमेकांवर चोळून गरम करा. बाळाच्या नजरेत या. "आता पाय उचलते" म्हणा आणि थांबा. दोन-तीन श्वास थांबा, हेच अवघड असतं. पहिल्या आठवड्यात काही घडत नाही. मग कधीतरी तुम्ही वाक्य म्हणता आणि बाळाच्या पोटाचे स्नायू आवळतात, पाय हलके होतात, आणखी काही दिवसांनी ढुंगण किंचित वर येतं. तेवढ्या एका गोष्टीत भाषा आहे, हालचाल आहे, आपल्याशी काय होणार हे आधी कळण्याचा विश्वास आहे. त्या दिवशीची नोंद लिहाल तेव्हा तुम्हाला फाइलीची गरज वाटणार नाही.

आणि मोबाइल खोलीबाहेर. यावर मी वाद घालत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग तुम्हाला वर्गात दाखवतीलच: बाळाशी हसतखेळत असलेली आई ठरवून दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज करतं, मग मान फिरवतं, रडतं. बाटलीने दूध पाजताना मोबाइल बघणारीचा चेहरा बाळाला तसाच दिसतो.

शॉर्टकटबद्दल विचारणाऱ्यांना सरळ सांगते. दोन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या कोर्सला पैसे घालू नका. थिअरी व्हिडिओवर शिकलात तरी चालेल, प्रथमोपचार नाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला खोकता, रडता येईना, तर पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, आलटून पालटून. मोठ्यांसारखा पोटावर दाब द्यायचा नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. हे वाचून डोक्यात राहतं, हातात येत नाही. बाहुलीवर इतक्यांदा करा की विचार न करता झालं पाहिजे, आणि प्रथमोपचाराच्या सर्टिफिकेटची मुदत संपायच्या आत पुन्हा शिका. झोपेचे नियमही पाठच हवेत: बाळ नेहमी उताणं, गादी घट्ट आणि सपाट, उशी नाही, सैल पांघरूण नाही, खेळणं नाही. "याला पोटावरच झोप लागते" असं जुनी ताई म्हणाली तरी नाही.

जुन्या ताईंवरून आठवलं. मार्गदर्शक निवडता आली तर वर्षं मोजू नका. "मला बघताक्षणी बाळ कळतं" म्हणणारीपासून लांब राहा, तिने बघणं केव्हाच सोडलंय. सतत "छान, छान" म्हणणारीकडूनही फार काही हाती लागत नाही. खोलीत शिरल्यावर जी आधी खाली बसते आणि बोलायच्या आधी थोडा वेळ नुसती बघते, ती धरा. तिने तुमच्या वहीत "हे तुला दिसलं कुठे?" असं लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वहीत तेच वाक्य पानोपानी होतं, आणि आज मला जे काही येतं ते त्या बाईंमुळे.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. आठ-नऊ महिन्यांचं बाळ तुमच्या कडेवर आल्या आल्या आकांत करेल, जुन्या ताईकडे गेलं की शांत होईल. ते तुम्हाला नाकारत नसतं. ओळखीचं आणि अनोळखी माणूस त्याला आता वेगळं कळायला लागलंय, हा विकासच आहे. त्याला ओढून घेऊ नका. त्याच्या ओळखीच्या माणसाजवळ जमिनीवर बसा, नजर रोखू नका, काहीतरी हातात घेऊन शांत राहा. ते येतं. कुणाकडे दोन दिवसांत, कुणाकडे दोन आठवड्यांत, पण येतं.

प्लेसमेंटची, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाची, जागा निवडायची मुभा असेल तर आधी जाऊन दोन गोष्टी विचारा. एका ताईकडे किती बाळं असतात? इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असावंच लागतं. त्याच्या दुपटीने बाळं असतील तर तिथे तुम्ही धावपळ शिकाल, निरीक्षण नाही. दुसरं, एखाद्या बाळाचा डायपर रोज कोण बदलतं? "जी मोकळी असेल ती" असं उत्तर आलं तर शक्य असल्यास दुसरी जागा बघा. निवडायची मुभा नसेल, तर पहिल्याच दिवशी सुपरवायझरकडे एवढंच मागा: संपूर्ण प्लेसमेंटभर तीच दोन बाळं माझ्याकडे द्या. बहुतेक वेळा देतात, मागत कुणी नाही. दोन बाळं ठरली की त्यांच्या नावाची दोन पानं त्याच संध्याकाळी वहीत उघडा, आणि पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळं आईच्या कडेवरून खाली उतरत असतानाच करा.