मोडकळीस आलेली इमारत: पालिकेकडे अर्ज कसा करावा

मालक दुरुस्ती करत नाही म्हणून भाडेकरू पालिकेत अर्ज देतात, आणि त्यात 'योग्य ती कारवाई करावी' एवढंच लिहितात. असा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. मुंबई सोडून इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला धोकादायक भाग पाडायची, टेकू द्यायची किंवा दुरुस्त करायची लेखी नोटीस देऊ शकतात. इमारत रिकामी करायचा आदेश निघतो तो कलम २६८ खाली. मुंबईत यासाठी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३५४ आहे. अर्जात कलमाचा आकडा घालाच.

अर्जासोबत पुरावा हवा. फोटोत भेगेशेजारी मोजपट्टी धरा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि महिन्याने पुन्हा बघा. भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती वाढते आहे, आणि अभियंत्याला तेच दाखवायचं असतं. वाड्यात तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे बघा. ओल धरून लाकूड आधी तिथेच कुजतं. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला तर ती जागा अर्जात नेमकी लिहा: कितवा मजला, कुठली खोली, कुठली भिंत. सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकतकराची पावती जोडा, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात स्थळपाहणी अहवालाची प्रत मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

इमारत ३० वर्षांपुढची असेल तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक तपासणीचं प्रमाणपत्र पालिकेला द्यावं लागतं. ते दिलं आहे का, हेही माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा.

गच्चीवर बेकायदा खोली चढवली असेल तर तो विषय मोडकळीच्या अर्जात घुसवू नका. ते प्रकरण १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५२-५३ चं, टेबलही बहुतेक वेगळं. दोन्ही एकत्र केले की दोन्ही रेंगाळतात.

तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. सी-१ ठरली तर चाचण्यांसह पूर्ण अहवालाची प्रत मागा. अहवाल पटत नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा अहवाल लगेच सादर करा. पण छत खरंच खाली येत असेल तर वाद नंतर घाला, माणसं आधी बाहेर काढा.

काम थोडक्यात भागणारं असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ वापरा: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्या, तरी त्याने हात लावला नाही तर दुरुस्ती स्वतः करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच ते करता येतं, म्हणून पावत्या जपा.

खोली सोडायची वेळ आलीच तर आधी पालिकेच्या अभियंत्याकडून तिचं चटई क्षेत्र मोजून घ्या. भाडेकरूचं नाव आणि क्षेत्रफळ लिहिलेल्या कागदाची सहीशिक्क्याची प्रत हातात आल्यावरच किल्ली द्या.